जागेवर हजर

आये, माझ्या बाळंतपणाला तू आली नाहीस, ते मी बरीच वर्षं मनात धरून होते. खारबावला माझ्या उशाशी सासू बसलेली, आणि तू इथं पडघ्याजवळ, शिबिरातल्या पत्र्याच्या खोलीत. निरोप घेऊन आलेल्या जावयाला तू चहा दिलास, डिंकाचे लाडू बांधून दिलेस आणि म्हणालीस, "सर्वेवाले कवाबी येतील. मी न्हाय दिसली तर नाव जाईल." त्याला वाटलं, सासूचं डोकं फिरलंय. तू कशाला भ्यायचीस ते मला माहीत होतं, तरी राग आला तो आलाच.

धरणात गाव गेलं तेव्हा मी सात वर्षांची. ट्रकमधून आपल्याला इथं आणून सोडलं, सहा महिन्यांत प्लॉट देतो म्हणाले. वर्षभरात बाबा तापानं गेले. मग एके दिवशी सरकारी माणसं वही घेऊन आली. शेजारची काकी त्या दिवशी भावाच्या तेराव्याला गेलेली. दाराला कुलूप दिसलं, तशी 'जागेवर नाही' लिहून ती माणसं पुढे सरकली. काकी तालुक्याला गेली, ठाण्याला गेली, पण नाव काही परत चढलं नाही. महिन्याभरानं ती भांडी गोणीत भरते आहे, पोरं दारात उभी आहेत, आणि तू दाराआडून बघत माझा दंड घट्ट धरून ठेवला आहेस. त्यानंतर शिबिराबाहेर तू पाऊल टाकलं नाहीस. मोठी झाल्यावर मी एकदा चिडून म्हटलं, "हा काय तुरुंग आहे?" तू परातीत भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "कैद्याला सुटायची तारीख तरी असते, बाय."

तू गेलीस तेव्हा मी आठवड्यासाठी म्हणून आले होते. खोली रिकामी ठेवली तर तू काढलेली सगळी वर्षं वाया जातील, एवढंच डोक्यात होतं. नवरा म्हणाला, राहा थोडे दिवस. तो राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला जायचा, पोर सासूकडे वाढली. रविवारी आणि सरकारी सुट्टीला मी खारबावला जायचे, कारण त्या दिवशी सर्वे येत नाही. अशी अकरा वर्षं गेली. आजूबाजूची शेतं जाऊन गोडाऊन उभी राहिली, आपले पत्रे तेवढे तेच. पोर शहाणी झाली तो दिवस बुधवार होता. मला कळलं रविवारी. तिनं मला काही सांगितलं नाही, आजीनं सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात सर्वे खरंच आला. टॅब घेतलेली एक तरुण मुलगी दारात उभी राहिली आणि तिनं तुझं नाव वाचलं. "आजी कुठं आहेत?" मला काकीचं कुलूप आठवलं. मी म्हटलं, "पडघ्याला गेल्यात, बाजाराला. येतील आता." तिनं मान हलवली आणि तुला हजर लावलं. मग पत्र आलं: प्लॉट मंजूर, लाभार्थ्यानं स्वतः येऊन अंगठा द्यावा.

पंधरा दिवस ते पत्र उशीखाली ठेवून झोपले. खोटं रेटायचं तर अंगठा आणायचा कुठून, आणि खरं बोलायचं तर सगळंच जाईल. शेवटी तुझा मृत्यूचा दाखला घेऊन कचेरीत गेले. कारकून निवृत्तीला आलेला, शांत माणूस होता. दाखला बघून म्हणाला, "अहो ताई, मग तेव्हाच वारसाचा अर्ज द्यायचा ना."

"पण जागेवर राहावं लागतं ना, साहेब?"

"कोण म्हणालं? ती अट कधीच गेली. पहिल्या यादीत नाव होतं ना? मग कुठंही राहा."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला. "कळवायला हवं होतं," म्हणाला. अट कधी गेली ते मी विचारलं, तर त्यानं सांगितलेलं साल माझ्या बाळंतपणाच्या आधीचं निघालं. तुझं नाव खोडून माझ्या नावाचा अर्ज घेतला त्यानं, पोचपावती दिली. बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. पाणीवाल्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? हो म्हटलं.

याला आता महिना होत आला. नवरा रोज फोन करतो. पोर बारावीला आहे, परवा तिनं पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "आई, कधी येतेस?" मी तिला सांगितलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत खोली सोडता येत नाही, साहेबांनी तसं बजावलंय. हे पत्र काही कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. साहेबांनी काही बजावलेलं नाही. पिशवी भरलेली आहे, दार उघडं आहे, आणि मला निघता येत नाही.