तलावाची चाबी

माय, काल शहराबाहेर, बेशाच्या पुढं आपल्या गावाकडं गेलो होतो. गाव म्हणायचं आपलं. तिथं आता लेआउट पडला आहे. तलावाच्या पाळीचा, त्या अख्ख्या बांधाचा मुरूम खोदून रस्त्यावर टाकला आहे, आणि जिथं कंबरभर पाणी असायचं तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आहेत. हापिसातला एक जण मोठ्या हौसेनं मला प्लॉट दाखवायला घेऊन गेला होता. जमीन कशी एकसारखी आहे बघा, म्हणाला. राहीलच ना बाबा, वीस वर्षांचा गाळ आहे तो. पण त्याला काय सांगू? मान हलवली आणि परत आलो.

बाबा गेल्यावर तलावाचं पाणी सोडायचं काम तुझ्याकडं आलं. आपण धम्मदीक्षा घेऊन आलो तेव्हा वस्तीतले म्हणाले, गावाची वेठ आता बंद. तूही बंद केलीस, एवढं एक काम सोडून. पंचांना मात्र सांगितलंस, करीन, पण तुमच्या बरोबरीनं सतरंजीवर बसून करीन. आणि बसलीस. पाणी तू नेहमी शेवटच्या वावरापासून द्यायचीस. पाळीजवळचे काय, ते कसंही घेतात, म्हणायचीस. त्यावरून काय कमी शिव्या खाल्ल्यास? उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला आलाच पाहिजे. जो येणार नाही त्याची पाण्याची बारी शेवटी, मग तो पाटील का असेना. मी तेव्हा सीताबर्डीच्या पाटबंधाऱ्याच्या हापिसात नवा कारकून. रविवारी गावी यावं तर तू गुडघाभर चिखलात उभी, पदर खोचलेला, बायामाणसांवर ओरडतेस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तलाव सरकारला देण्याचा अर्ज मीच लिहिला. पाणी सोडायच्या लाकडी बुचाच्या जागी कुलपाचं लोखंडी दार बसेल, सगळं पक्कं होईल, असं मीच गावाला पटवलं. सतरंजीवर सगळ्यांसमोर अर्ज वाचून दाखवला. तू एवढंच विचारलंस, "चाबी कोणापाशी राहीन?"

"हापिसात, माय."

"मंग पाणीबी हापिसातच राहीन."

लोक हसले. तूही हसलीस, आणि पोरानं लिहिलंय म्हणून पहिला अंगठा तूच दिलास.

दार बसलं, कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला कोणी आलं नाही. सरकारचा तलाव, आपण काहून मरायचं, म्हणाले. पुढं धान निसवलं, लोंब्या फुटल्या आणि पाऊस गेला. एक पाणी पाहिजे होतं, फक्त एक. शेवटच्या वावराचा म्हातारा तीन दिवस रोज पायी माझ्या हापिसात आला. चाबी साहेबांच्या कपाटात, साहेब दौऱ्यावर. म्हातारा व्हरांड्यात बसून राहायचा आणि मी फायलीत डोकं घालून बसायचो. चौथ्या दिवशी गाव सब्बल-पहारी घेऊन तुझ्या दारात आलं. तू हो म्हण, कुलूप तोडतो, म्हणाले. तू म्हणालीस, "नोका तोडू. माह्या पोराची नोकरी जाईन."

धानाची दाण्याविना नुसती तणस झाली. आपल्याही. दोन वर्षांत तू गेलीस. मग म्हाताऱ्यानं वावर विकलं, त्याच्यामागं बाकीच्यांनी. आज त्या अख्ख्या शिवारात ओंजळभर पाणी नाही, आणि आता कोणी काही करू शकत नाही.

तलाव कोणी बुडवला असं कोणी विचारलं की मी सरकारला शिव्या देतो, लेआउटवाल्याला देतो. खरं ऐक. त्या अर्जात आणखी एक ओळ होती: यापुढे पाण्यावर, पाळीवर आणि गाळावर गावाचा कसलाही हक्क राहणार नाही. साहेबांनी सांगितली आणि मी माझ्या हातानं लिहिली. वाचताना मात्र सोडून दिली. ऐकली असतीस तर तू अंगठा दिला नसतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोखंडी दाराचं मला काय होतं, माय? हापिसातलं कोणी घरी आलं तर तू चिखलात दिसू नयेस, एवढंच मला पाहिजे होतं.

तुला वाचता येत असतं, तरी आज लिहिलेला हा कागद मी तुझ्या हाती दिला नसता.