एकोणसाठच्या कॅडिलॅकचा डावा पंख

मी, त्र्यंबक गोविंद खरे, वय ७३, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, राहणार शुगर लँड, टेक्सस, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव टाकू शकणारी एकमेव व्यक्ती, माझी पत्नी नीला, दोन वर्षांपूर्वी वारली. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी गिरिजा हिला. घर विकलं तरी हरकत नाही. कढीलिंबाची कुंडी मात्र तिनं आपल्या घरी, सांता क्लाराला न्यावी.

२. हत्यारं शेजारी श्रीराम यांना. त्यांनी तीन वर्षांपूर्वी 'उद्या देतो' म्हणून नेलेला टॉर्क रेंच आता अधिकृतपणे त्यांचा.

३. माझी हिरवी कॅडिलॅक, मॉडेल १९५९. ह्यूस्टनला शिकायला आलो तेव्हा अशी एक गाडी मला पार्किंगमध्ये पाठमोरी दिसली. मागे दोन उंच पंख, प्रत्येकावर दोन लाल दिवे. हे कशासाठी? वाऱ्यासाठी म्हणावं, तर मी गणित मांडून पाहिलं. रस्त्यावरच्या वेगाला उपयोग नगण्य. मेकॅनिक म्हणाला, शोभेला. नीला म्हणाली, "पदर कशासाठी असतो, ते विचारलंत कधी?" शेवटी १९८२ साली गाडीच घेतली. तरी समाधान होईना.

४. दसरा, २००१. मी हार मागच्या बाजूला घातला होता, कारण या गाडीचं तोंड तिकडेच आहे. नीलाचा धाकटा भाऊ चारुदत्त फ्रिस्कोहून आला होता. नारळ फोडायला दगड सापडेना, तेव्हा या पठ्ठ्यानं नारळ डाव्या पंखाच्या टोकावर हाणला. नारळ शाबूत राहिला, पत्र्याला पोचा पडला. वर म्हणतो, "सॉरी भाऊजी! तुम्ही कायम विचारता ना, कशासाठी? वाटलं, फॉर वन्स ह्याचा यूज करू!"

सगळे हसले. मी त्याला घराबाहेर काढलं. "पत्र्यापायी माणूस तोडाल?" असं नीला शेवटपर्यंत विचारत होती. ती गेली तेव्हा तो आला, आणि आम्ही दोघं फक्त हवेबद्दल बोललो. मला याची लाज वाटते. शिवाय आजवर ऐकलेल्या उत्तरांत त्याचंच उत्तर मला पुन्हा पुन्हा आठवतं.

५. गाडी चारुदत्तलाच द्यायची होती. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. गाडीसाठी त्याला माझ्या मरणापर्यंत थांबावं लागलं असतं. साक्षीदाराच्या सहीसाठी मात्र याच आठवड्यात यावं लागेल. म्हणून गाडी गिरिजाला. लहानपणी पंखांवर हात फिरवत ती विचारायची, "बाबा, व्हॉट आर दे फॉर?" तिनं विचारत राहावं. पोचा काढू नये.

मजकूर वाचून, डिकीवर कागद ठेवून सही केली.

ठिकाण: शुगर लँड, राहत्या घराचं गॅरेज
दिनांक: २ ऑक्टोबर २००६, दसरा

त्र्यंबक गोविंद खरे

साक्षीदार:
१. उल्का नाडकर्णी, समोरच्या घरातल्या
२. चारुदत्त दामले, फ्रिस्को. भाऊजी, नारळ आणलाय. या वेळी दगडही आणलाय.