कॅरॅक्टर: आठ

४ जानेवारी २०१०, सोमवार
यंदाचा संकल्प एकच. हेन्रिकसनला धडा शिकवणे. (शिवाय रोज वॉकिंग.)
नऊ वर्षं दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये त्याच्या डॅनिश पंपांच्या कंपनीत ॲडमिन मॅनेजर होतो. मंदीचा क्रॅश आला, त्याने केबिनमध्ये बोलावून 'सॉरी विजय' म्हटलं आणि बटर बिस्किटांचा निळा डबा हातात ठेवला. नऊ वर्षांची बिस्किटं! त्या डब्यात आता बायकोचे, छायाचे सुई-दोरे आहेत. रोज दिसतो, रोज डोकं फिरतं.

५ जानेवारी
काम मिळालं. बर दुबईत हाफिजा मॅडमचं ट्रान्सलेशन सेंटर. डॅनिश येतं का, विचारलं. म्हणालो, पानी की तरह. 'ताक' म्हणजे थँक यू, हे कंपनीत रोज ऐकलंय. बाकी अंदाज. मी इंग्लिश करायचं, मॅडम त्याचं अरबी करून शिक्का मारणार.
छाया म्हणते, हे टेंपररी. मार्चमध्ये लेकीची, इराची परीक्षा संपेपर्यंत धड नोकरी नाही मिळाली, तर सगळ्यांनी पुण्याला जायचं आणि मी तिच्या भावाच्या ऑफिसात बसायचं. सदानंदच्या हाताखाली! त्यापेक्षा उंट राखेन.

१२ जानेवारी
देव आहे!! दुपारी एकाने पाकीट आणून टाकलं. उघडलं तर आत हेन्रिकसन! त्याची डिग्री आणि मार्कशीट, कुठल्याशा सरकारी कामासाठी. मी इथे बसलोय हे त्याच्या गावीही नाही. कागद घरी आणले. छाया म्हणाली, जसं आहे तसं कर आणि मोकळा हो. तिला सूड कळत नाही.

१३ जानेवारी
काय एकेक सापडतंय! डिग्रीवर चक्क 'कँडिडॅट'. म्हणजे कँडिडेट. नुसता परीक्षेला बसलेला! आपल्याकडचं बी.ए. अपिअर्ड. आणि हा माझी इंग्लिश पत्रं लाल पेनने दुरुस्त करायचा!
खाली 'काराक्टर: ८'. कॅरॅक्टर सर्टिफिकेट. मागच्या बाजूला तेरापर्यंत आकडे छापलेत, म्हणजे तेरापैकी आठ. आमच्या शाळेने तर मास्तरांची सायकल विकणाऱ्यालाही 'गुड' लिहून दिलं होतं. 'मुंटलिग' म्हणजे मंथली टेस्ट. तिच्यापुढे 'सेन्सॉर'. मंथली टेस्टमध्ये हा असं काय बोलला असेल की सेन्सॉर करावं लागलं? शोभतं त्याला.
सगळीकडे शेवटी एकच शब्द, 'बेस्टाएट'. इराला विचारलं. ती कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, बाबा, जस्ट गूगल इट. मी कशाला गूगल करू? 'बेस्ट' दिसतंय की डोळ्यांना. म्हणजे कौतुक. माझ्या हातून त्याचं कौतुक? हट्! गाळला.

१७ जानेवारी
शिक्का बसला! अरबी करताना मॅडमनी विचारलं की ये कॅरॅक्टर आठ क्या है. म्हणालो, मॅडम, युरोप में ऐसाही होता है. येताना मीना बाजारातून जिलबी आणली. इरा खूश. छायाने जिलबीला हात लावला नाही.

२ फेब्रुवारी
वॉकिंग उद्यापासून. नोकरीचे अर्ज टाकलेत, उत्तर कुठूनच नाही. पण हेन्रिकसन कुठल्या खिडकीवर घाम पुसत उभा असेल, या विचाराने झोप मस्त लागते.

७ मार्च, दुपारी
त्याचाच फोन!
जुनी कंपनी सोडून तो हमरियात स्वतःची छोटी कंपनी काढत होता. लायसन्ससाठी मॅनेजरची डिग्री लागते. कागद परत आले. परीक्षा पास झाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, वर कॅरॅक्टर शंकास्पद. पार्टनर वैतागून निघून गेला. कंपनी खलास.
मला काढलं त्या रात्री त्याला झोप लागली नव्हती, म्हणाला. म्हणून नव्या कंपनीतल्या पहिल्या नोकरीचा व्हिसा माझ्या नावाचा ठेवला होता. सरप्राइज द्यायचं होतं.
शेवटी विचारलं, बर दुबईत हा कोण गाढव बसलाय, जरा शोधशील का?
म्हणालो, शोधतो. इन्शाल्ला.

७ मार्च, संध्याकाळी
इराकडून गूगल करून घेतलं. कँडिडॅट म्हणजे मास्टर्स डिग्री. काराक्टर म्हणजे मार्क. मुंटलिग म्हणजे तोंडी परीक्षा. सेन्सॉर म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक.
बेस्टाएट म्हणजे पास.
इरा हसत सुटली, म्हणाली, बाबा, हू ट्रान्सलेटेड धिस? छाया हसली नाही. तिने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. मेलो.

२५ मार्च
कार्गोवाला खोकी घेऊन गेला. सदानंदने फोनवर बजावलं की मेहुणा असलास तरी अनुभवाचा दाखला लागेल. गेलो हाफिजा मॅडमकडे. तक्रार त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. तरी बसवलं, टाइप केलं, टेबल हादरेल असा शिक्का मारला आणि पाकीट बंद करून दिलं. मला वाटलं, मोठ्या मनाची बाई.
खाली येऊन उघडलं.
'विजयकुमार, ट्रान्सलेटर (कँडिडेट). कॅरॅक्टर: ८.'
दहापैकी असणार. सदानंदला तसंच सांगायचं.