शेवटपर्यंत फिरवलेला नॉब

बुधवार, दुपारची सुट्टी

प्रिय धाकट्या,

तू बरा असशील, घरी सगळे ठीक असतील असं धरून चालते. माझंही बरं चाललंय. पत्राला कारण आहे, पण ते जरा पुढे येईल. आधी मला मनसोक्त भांडून घेऊ दे. अक्षर मोठं काढलंय म्हणून हसू नकोस, पेन जाड मिळालं.

रोज सकाळी मी आपल्या दुरुस्तीच्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप चालू करते आणि रोज माझं डोकं फिरतं. सकाळची पाळी माझी, दुपारची तुझी, टेबल एकच. म्हणजे तू जे करून ठेवशील ते निस्तरायचं माझ्याच नशिबी! ब्राइटनेसचा नॉब पार टोकाला. विजेची लहर दाखवणारी पडद्यावरची रेघ कसली, सुतळी! फोकसचा पत्ता नाही. अरे, तुला हे काम शिकवलं कुणी?

पुन्हा शाळा घेते, ऐक. पडद्यामागे काचेची नळी आहे. तिच्या मागच्या टोकाला कॅथोड तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तिच्या तोंडावर बारीक भोकाची टोपी आहे. त्या टोपीवर उणे व्होल्टेज जितकं जास्त, तितके इलेक्ट्रॉन आतच अडकतात आणि रेघ मंद होते. ब्राइटनेसचा नॉब एवढंच करतो, दार किलकिलं ठेवायचं की सताड. फोकसचा नॉब पुढच्या नळकांड्याचं व्होल्टेज बदलतो आणि झोत आवळून पडद्यावर टिंबात आणतो. दोन्ही नॉब एकाच रेझिस्टरच्या साखळीवर, म्हणून एकाला हात लावला की दुसरा थोडा रुसतोच. आणि दार सताड उघडलंस तर आत इतकी झुंबड होते की फोकस कितीही आवळ, रेघ जाडच राहणार. म्हणून आधी ब्राइटनेस उतरव, मग फोकस कर, मग लागेल तेवढाच ब्राइटनेस चढव. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

गेल्या महिन्यात पडद्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला. पूर्ण ब्राइटनेसवर टिंब एका जागी उभं ठेवलं की पडदा जळतो, हे नव्या माणसालाही कळतं. साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तुझं नाव सांगितलं नाही. मनात म्हटलं, मुद्दाम करतोय, माझ्यावरचा राग काढतोय.

परवा तू स्टोअरकीपरच्या तोंडून निरोप धाडलास, ‘ताईला सांगा, माझ्या कामात नाक खुपसू नकोस.’ कॉलेजकडून दुरुस्तीला आलेला मोठा स्कोप मी तुझ्या वाट्यातून उचलला, म्हणून ना? उचलला. माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. खुशाल बोंब मार.

त्याचा ब्राइटनेसचाच भाग बिघडलाय. झाकण काढून, चालू ठेवून मोजायला लागणार. तिथे उणे दोन हजार व्होल्ट असतात. त्या नॉबला लांब प्लास्टिकचा दांडा उगाच लावलेला नसतो.

आता कारणावर येते. सारखं उठून खिडकीपाशी जातेय, पुन्हा येऊन बसतेय.

गेल्या आठवड्यात माझा डबा कामाच्या खोलीत राहिला होता. संध्याकाळी न्यायला आले. तू एकटाच होतास. ब्राइटनेस पूर्ण चढवून, नाक पडद्याला टेकवून बसला होतास. मग मोजायचा प्रोब हवा होता तुला. तो उजव्या कोपराशेजारीच पडला होता, आणि तू हाताने सगळं टेबल चाचपत होतास. चाचपताना चहाचा कप लवंडला. मी उजवीकडच्या कपाटाशी उभी होते रे. हात लांब केला असतास तर मला लागला असता. तू कप उचललास, फडक्याने टेबल पुसलंस, आणि मी तुला दिसलेच नाही. डबा तिथेच टाकून बाहेर आले.

तेव्हापासून तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तोच हात त्या उघड्या स्कोपमध्ये घालणार होतास ना?

आणि आपलं भांडण! दीड वर्षं मी स्वतःला खातेय. मी म्हटलं होतं, तारांच्या जोडांचं सोल्डर गबाळं झालंय. तू सगळ्यांसमोर ओरडलास, ‘मला शिकवणं बंद कर!’ दुसऱ्याच दिवशी दुपारची पाळी मागून घेतलीस. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून. अरे गाढवा, दुपारी त्या खोलीत कुणी नसतं म्हणून गेलास ना? सोल्डर का गबाळं झालं ते मला कळेल म्हणून? मला केवढं हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी तुझे कान उपटावेसे वाटले. माझ्याशी भांडण उकरून काढायला जमलं, पण ‘ताई, मला नीट दिसत नाही’ एवढं बोलायला जीभ रेटली नाही तुझी.

बाबांना काचबिंदू होता. बाजूचं दिसेनासं झालं तरी ते कबूल करत नव्हते. दारं अरुंद झालीत म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, हे रक्तात येतं, दरवर्षी तपासून घ्या. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत कळलं तर औषधाच्या थेंबांवर उरलेली राखता येते. आपण दोघांनी मान डोलावली आणि दोघंही पुन्हा फिरकलो नाही.

तुझं ते असेलच असं नाही. मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. माझ्या मनात नुसता गोंधळ चाललाय.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय, दोघांचा. साहेबांना अजून काही बोलले नाही. पण सोमवारी आला नाहीस तर सरळ जाऊन सांगेन की उघड्या यंत्रावर तुला बसवू नका. चिडशील, चीड. जन्मभर माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, पण ते जिवंत राहून नको बघूस.

तुला शहाणपण शिकवतेय आणि स्वतःचं सांगत नाहीये. काल मी दवाखान्यात गेले होते. परवाही. दोन्ही वेळा दारातून परत आले. मला अजून सगळं दिसतं, असं मला वाटतं. बाबांनाही तसंच वाटायचं. आत जायचं म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. मला एकटीला हे जमत नाही रे. तू ये.

मी दवाखान्याच्या पायरीशी उभी असेन. तिथे गर्दी असते, मला शोधत बसू नकोस. मी दिसले नाही तर जागीच थांब, मी हाक मारेन.

तुझी,
ताई