विहिरीतली तार

३ जाने.
दिलीपचं पुस्तक बाजारात आलं. 'भैताडपूर'. मुखपृष्ठावर माझा सरपंच, माझी म्हैस, नाव त्याचं. वीस वर्षांपूर्वी मी चित्रं काढायचो, हा त्याच्या सायबर कॅफेत ती स्कॅन करून आमच्या साइटवर चढवायचा. बाळंतपण माझं, बारशाला आई हा.

५ जाने.
जुनी साइट उघडून पाहिली. तिथे आता पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. काय दिवस होते! अकोल्याचा एक जण मांजराची कॉमिक काढायचा, गोव्याची एक बाई नुसती काडीची माणसं. आम्ही एकमेकांच्या साइटची नावं आपापल्या पानाखाली टाकायचो. संपादक नाही, लाइकची भीक नाही. शुक्रवारचं नवं चित्र चुकलं की रिठदचा एक गडी दुबईहून लिहायचा, "काहून बे, सरपंच मेला का?" मंगरूळपीरच्या स्टँडमागची ती तीन कॉम्प्युटरची खोली, आणि आम्हाला वाटायचं, जग आपल्या... जाऊ दे.

८ जाने.
मागवलेलं पुस्तक आलं. स्वतःचीच म्हैस विकत घेणारा मी पहिलाच. चित्रं कुणाकडून तरी नव्यानं गिरवून घेतलीत. गुळगुळीत. पान बारावर थांबलो. सरपंचाच्या डोक्यावरून एक तिरपी तार. तेराव्या पानावर तीच. स्वयंपाकघरात तीच. विहिरीच्या आतसुद्धा!
दिलीपच्या स्कॅनरची काच तडकलेली होती. तो तडा दर चित्रात उतरायचा. या बहाद्दरानं तडाही तार समजून शाईनं गिरवून घेतला, वर दोन चिमण्या बसवल्या.
हसून हसून ठसका. बायको सुनीता धावत आली, "भैताडले काय तुमी?"
"नाही. साक्षीदार सापडला."

९ जाने.
माझे मूळ कागद काढले. एकावरही रेघ नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाशीमला त्याचा सत्कार, 'वऱ्हाडी वेबकॉमिकचे जनक'. पहिल्या रांगेत बसायचं, कागद मांडीवर, आणि नम्रपणे विचारायचं, "सर, विहिरीत तार कायची हो?" आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज कापला. तालीम वाढवणे.

१४ जाने.
संक्रांत. ज्याच्याशी गोड बोलायचं नाही त्याचाच फोन.
"भाऊ, सत्काराच्या दिवशी प्रदर्शन ठेवून राह्यलो. तुह्याजवळचे जुने कागद दे ना. तुहं नाव टाकतो, विशेष सहकार्य."
"येऊन ने." (आणि ये तर खरा.)
"येतो उद्याच. आन् ऐक, साइट बंद झाली ना, त्याच्या आधी वाचकायच्या साऱ्या चिठ्ठ्यायच्या प्रिंटा काढल्या होत्या म्या. फाइल हाये. कागदायच्या बदल्यात तुले देतो."
साइट चालली त्या सहा वर्षांतले सारे वाचक. मला वाटलं होतं, ते साइटबरोबरच गेले. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

१५ जाने.
सकाळपासून कागद दोनदा टेबलावर काढले, दोनदा कपाटात ठेवले. दिले तर रविवारी मांडीवर काय, टोपी?
सुनीता म्हणते, "नका देऊ. तो उद्या म्हणन, हे बी मीच काढले."
बरोबर आहे तिचं.
गाडी थांबली. दिलीपच. काखेत फाइल, चांगली जाड.
"अवो, दार उघडा ना, उभा हाये तो."
एवढं लिहून होऊ दे, म्हटलं. कागद तिसऱ्यांदा टेबलावर काढलेत.