त्या दिवशी वहिनी बरोबर होती

आई, तू जाऊन बरीच वर्षं झाली. सांगायचं आहे ते वहिनीबद्दल आहे, म्हणूनच इतके दिवस अडत होतं. तुला ती कधीच आवडली नाही. डिचोलीच्या कारखान्यातल्या कोल्हापूरकडच्या एका कामगाराची मुलगी दादाने लग्न करून आपल्या गावी, पार्सेत आणली, आणि तिला बांगडे नीट साफ करता येईनात म्हणून तू चुलीपुढे बसून सुनावलंस, "तुका नुस्त्याचो वास सोसना नाय, तर ह्या घरात कशाक इलंस?" ती नाकाला पदर न लावता बांगडे साफ करत राहिली.

तू गेल्यावर खूप वर्षांनी मी मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागले. तिथे एकाशी ओळख झाली. आपल्याच लोकांतला, वागायला गोड. चवथीला गणपती बघायला घरी येऊन गेला, तेव्हापासून दादा त्याला जावईच मानायचा. पुढे तो माझा फोन तपासायला लागला, मग दंड पिळायला, आणि पिळून झाल्यावर रडून माफी मागायला. एका दुपारी, त्याच्या मित्राच्या खोलीवर, मी नको नको म्हणत होते आणि त्याने ऐकलं नाही. एवढंच लिहिते. पुढे हात चालत नाही.

घरी येते तर वहिनी मागच्या अंगणात काजूच्या बिया पसरून बसलेली. माझ्या गळ्याकडे तिची नजर जाते. मी न्हाणीकडे वळते, तशी ती उठून दारात उभी राहते.

"वन्सं, अंगावर पाणी घेऊ नगासा. हाय तसंच चला."

"कुठे?"

"मला तरी कुठं ठावं हाय? इचारत जाऊ."

आणि आम्ही खरंच विचारत गेलो. पहिल्या दवाखान्यात टेबलामागच्या माणसाने आमचं ऐकून सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न ठरलंय ना त्याच्याशी? मग?" वहिनीने माझा हात धरून बाहेर आणलं, रिक्षा थांबवली, आणि मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तो हात सोडला नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. हात लावण्याआधी दर वेळी विचारायच्या, "चालेल ना?" नंतर समुपदेशन करणाऱ्या एक बाई येऊन शेजारी बसल्या. मी तिथे गेलेच कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "तक्रारीचं तू ठरव. औषधपाणी त्यावर अडणार नाही." ठरवायला मला आठवडा लागला.

त्या आठवड्यात दादा रोज एकच सांगायचा, "तो लग्नाक तयार आसा. गावभर कशाक करतंस?" एकदा वहिनी भाकरी थापता थापता थांबली. "त्येच्याशी लगीन लावायचं असंल, तर मी मेल्यावर लावा." दादाने हात उगारला. ती जागची हलली नाही. हात खाली आला, पण त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलतो, आणि माझ्याशी तेवढंही नाही. मी तक्रार केली ती वहिनीला बरोबर घेऊन.

आता खटला चालू आहे. तारखा पडतात. तो जामिनावर बाहेर आहे, पेडण्याच्या बाजारात दिसतो, आणि लोक त्याच्याशी हसून बोलतात. नोकरी मी सोडली. त्या समुपदेशक बाईंकडे मात्र जाते, वहिनी बाहेरच्या बाकावर बसून राहते. काही वेळा मी आत एक शब्दही बोलत नाही, आणि बाई बोल म्हणत नाहीत. बरी झाले असं नाही म्हणता येणार. झोप थोडी लागते.

हे मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तर ते पोचायचं नाहीच. तू असतीस तर यातलं काही तुला सांगायची माझी छाती झाली नसती. इस्पितळातून परत येताना, तू आता घरी नाहीस हे आठवलं आणि आई, मला बरं वाटलं.