मैदानानं प्यायलेलं पाणी

बाबा, यंदा तुमचं मैदान मी वाळू दिलं. तुम्हाला राग आला असता, म्हणून तेच आधी सांगते.

नागभीडजवळच्या आपल्या शाळेत तुम्ही खेळाचे मास्तर. कबड्डीच्या मातीवर रोज संध्याकाळी पाणी मारायचं, आणि ते यायचं वस्तीच्या एकुलत्या एका विहिरीतून. मोटार लावण्याआधी आणि बंद केल्यावर तुम्ही दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचात, वर ओढायचात, ओला दोर माझ्या हातात द्यायचात. दोरावरची ओल किती घटली ते मी वितीनं मोजायची. "पाह्य, आज मैदानानं किती पेलं," लेकराचं कौतुक सांगावं तसं तुम्ही सांगायचात. आपल्या मैदानावर कबड्डीची स्पर्धा झाली, त्या उन्हाळ्यात विहिरीत गाळ उरला. आई नाल्याच्या रेतीत झिरा खणून वाटीवाटीनं पाण्याचा गुंड भरायची. एकदा दारातच म्हणाली, "मैदानाले पाजून झालं असंन तं आमालेबी पाजा." तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. "माती कोरडी राह्यली तं पोराइचे गुडघे फुटतीन. तुले का समजते." स्पर्धेला आलेल्या साहेबांनी तुमच्या गळ्यात हार घातला तेव्हा आई झिऱ्यावर होती. हे मी विसरले नाही, विसरायचं मनातही नाही.

नवरा गेल्यावर मी इथेच परत आले. वाचनालयात मिळेल ते वाचते. एका पुस्तकात मैदानाला लागणारं पाणी मोजायची रीत होती. शिंपलेलं, मुरलेलं, उन्हानं उडालेलं, सगळं त्यात धरलं होतं. त्यापायी बाईला डोक्यावरून आणावं लागलेलं पाणी कुठेच नव्हतं.

यंदा पुन्हा स्पर्धा ठरली. मी पाणी समितीत आहे, म्हणून विहीर मोजायला मलाच बोलावलं. दोर नवा, दगड तुमचाच. ओल जेमतेम हातभर निघाली. मी मोटारीला नाही म्हटलं.

सरपंच हसले. "बाई, बापाच्या मैदानाले पानी नाई देत? वरून पाहून राह्यले असतीन ते."

"पाहू द्या," मी म्हटलं. "तवा खाली पाह्यलं असतं तं बरं झालं असतं."

स्पर्धा पोंभुर्ण्याला गेली. इथे माती तडकली आहे. मला वाईट वाटलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. एक मात्र राहिलं. आज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी फेकायला निघाले आणि मैदानावर जाऊन पोचले. मधल्या रेषेवर ओतलं. माती लगेच प्यायली. किती प्यायली, ते मी मोजलं नाही.